माझा स्विफ्ट कोड बरोबर होता. पैसे परत येण्याची जबाबदारी बँकेची

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक

विषय: परदेशी रक्कम चुकीच्या शाखेला पाठवल्याबद्दल तक्रार

महोदय,

मुलीच्या वसतिगृहाची अनामत भरण्यासाठी मी आपल्या शाखेतून जर्मनीला पैसे पाठवले. ते पोहोचलेच नाहीत. सोळा दिवसांनी माझ्याच खात्यात परत आले, तेही कापून. काउंटरवर विचारले तर उत्तर मिळाले, “तुम्ही दिलेला स्विफ्ट कोड (पैसे घेणाऱ्या बँकेची ओळख सांगणारा आंतरराष्ट्रीय कोड) चुकीचा होता.” हे मला अजिबात मान्य नाही.

आपला शिक्का असलेली माझ्या अर्जाची प्रत सोबत जोडली आहे. त्यावरच्या ११ अक्षरी कोडात पहिली चार अक्षरे बँकेची, पुढची दोन देशाची, मग दोन ठिकाणाची आणि शेवटची तीन शाखेची आहेत. देशाच्या जागी मी ‘डीई’ लिहिले आहे, म्हणजे जर्मनी. आपण पाठवलेल्या संदेशात तिथे ‘एफआर’ आहे, म्हणजे फ्रान्स. त्याच बँकेच्या पॅरिस शाखेची पहिली चार अक्षरेही तीच आहेत. यादीतून निवडताना कर्मचाऱ्याची ओळ चुकली, हे स्पष्ट दिसते. पॅरिसला तसे खातेच नाही, म्हणून पैसे परत फिरले.

ओळ चुकू शकते, हे मी समजू शकते. स्विफ्ट कोडात चूक पकडणारा तपास अंकही नसतो. पण त्याच अर्जात २२ अक्षरांचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, होता आणि तो ‘डीई’नेच सुरू होतो. खाते जर्मनीतले आणि बँकेचा कोड फ्रान्सचा, हे पैसे सोडण्याआधी कुणाच्याच नजरेस कसे पडले नाही? अर्जावर तपासणी अधिकाऱ्यांची सही आहे. त्यांनी नेमके काय तपासले?

चौथ्या दिवशी मी व्यवहाराचा यूईटीआर, म्हणजे पैसे कुठवर गेले ते शोधण्याचा क्रमांक, मागितला, तर “असा नंबर नसतो” असे सांगण्यात आले. स्विफ्ट या बँकांच्या संदेश-जाळ्यावरून पाठवलेल्या अशा प्रत्येक रकमेला ३६ चिन्हांचा हा क्रमांक असतो. तेव्हाच तो पाहून शोध घेतला असता तर चूक लगेच कळली असती. तोवर मुदत टळली आणि मुलीची खोली दुसऱ्या कुणाला गेली. तिची ती धावपळ आठवली की अजून जीव तुटतो.

आपण घेतलेले शुल्क, मध्यस्थ बँकांनी कापलेली रक्कम आणि परत येताना विनिमय दरात झालेले नुकसान माझ्या खात्यात जमा करावे. मी दिलेला कोड बरोबर होता, हेही मला लेखी हवे आहे.

आपली,
एक खातेदार