टेलरच्या नावावर क्रेटमागे मजुरी नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आंब्याचा हंगाम तोंडावर आला की कोकणातल्या बागांना 'आधुनिक व्यवस्थापन' हवे, असे सांगणारे लेख आणि भाषणे सुरू होतात. त्यात एक सूचना ठरलेली: काढणीचे गडी रोजावर ठेवू नका, क्रेटमागे पैसे द्या, कामाचे मोजमाप करून व्यवस्थापनाचे शास्त्र मांडणाऱ्या फ्रेडरिक टेलर या अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच सिद्ध करून दाखवले. टेलरने असे काही सिद्ध केलेले नाही. ही चूक वर्गातच राहिली असती तर आम्ही पत्र लिहायला बसलो नसतो, पण ती आंब्याच्या पेटीत उतरते.

नगावर मजुरी टेलरच्या कितीतरी आधीपासून चालत होती आणि 1895च्या त्याच्या निबंधातली टीका त्याच पद्धतीवर होती. गडी जास्त काम करून चार पैसे अधिक कमवायला लागला की मालक दर उतरवतो. एकदा हात पोळले की मग सगळे मिळून बेताने काम करतात. टेलरचा सगळा खटाटोप या गाठीपासून सुरू झाला.

बेथलेहेम पोलाद कारखान्यातले त्याचे फावड्याचे काम बघा. तिथे चांगले गडी स्वतःचे फावडे घेऊन येत. त्याच एका फावड्यात बारीक कोळसा भरला तर साडेतीन पौंड, म्हणजे दीड किलोच्या आसपास येई आणि लोखंडाचा दगड भरला तर 38 पौंड, म्हणजे सतरा किलो. पहिल्यात नुसते हात हलायचे, दुसऱ्यात कंबर मोडायची. टेलरने फावड्यातले ओझे थोडे थोडे कमी करत दिवसाचे काम मोजले. ओझे 21 पौंडांवर, साधारण साडेनऊ किलोंवर आले तेव्हा दिवसभरात सर्वांत जास्त माल हलला. मग कारखान्यानेच आठ-दहा प्रकारची फावडी करून ठेवली: जड मालाला लहान, हलक्याला मोठे. आदल्या दिवशीचे काम कमी पडले तर सकाळी गड्याच्या हातात पिवळी चिठ्ठी पडे आणि ते काम कसे करायचे हे दाखवायला शिकवणारा माणूस जाई. टेलरने दिलेल्या हिशेबाप्रमाणे गड्याचा रोज सरासरी 1.15 डॉलरवरून 1.88 वर गेला. पैसे वाढले हे खरे, पण हत्यार, ओझे आणि शिकवणी यांच्या मागून.

विश्रांतीचेही तेच. 92 पौंडांचे लोखंडी ठोकळे वाहणाऱ्या माणसाच्या हातात दिवसातला फक्त 43 टक्के वेळ ओझे असावे, उरलेला वेळ तो मोकळा हवा, असे त्याने लिहून ठेवले आहे. (याच प्रयोगातली मजुराची गोष्ट त्याने बरीच रंगवून सांगितली, हे पुढच्या संशोधकांनी दाखवले. टेलर काही संत नव्हता. 1911मध्ये वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्र कारखान्यात ओतकाम करणाऱ्यांच्या मागे घड्याळ घेऊन माणूस उभा केला, तेव्हा ते काम टाकून बाहेर पडले.)

आता हे बागेत आणून बघा. हापूस चौदा आणे (सोळा आणे म्हणजे पूर्ण) तयार झाला की काढायचा: खांदे वर आलेले, गडद हिरवा रंग फिका पडलेला, पाण्यात टाकला तर तळाला जाणारा. फळ झेल्याने, म्हणजे पाते आणि जाळी लावलेल्या लांब काठीने, तीन-चार सेंटिमीटर देठ ठेवून काढायचे. देठ मुळापासून तुटला तर चीक सालीवर ओघळतो आणि पिकताना तिथे काळे डाग उमटतात. काढणी सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर. काढलेले फळ लगेच सावलीत. आता या माणसाला क्रेटमागे पैसे द्या. तो झेला टाकून फांदी हलवेल, बारा आण्याचे फळही क्रेटमध्ये घालेल, क्रेट उन्हातच ठेवून पुढच्या झाडावर चढेल. संध्याकाळी क्रेट जास्त भरतील, यात शंका नाही. बारा आण्याचे फळ पुढे आढीत सुरकुतते, रंग धरत नाही. आपटलेले फळ चार-पाच दिवसांनी नेमके मार लागलेल्या जागी सडते, आणि तोवर पेटी वाशीच्या घाऊक बाजारात पोहोचलेली असते.

गड्याला दोष देण्याआधी झेल्याची काठी त्या झाडाच्या उंचीला पुरते का, पाते धरून कापते की देठ ओढून तोडते, आणि भरलेला क्रेट सावलीपर्यंत किती पावले वाहावा लागतो, एवढे तरी कोणी मोजले आहे का?

साका म्हणजे आंब्याच्या गरात धरणारी पांढरट, स्पंजासारखी खराबी. तिचा विचार केला की व्यवस्थापनाच्या इतिहासातला पुढचा टप्पा आपोआप समोर येतो. 1924मध्ये वॉल्टर शूहार्टने टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिकसाठी नियंत्रण-आलेख मांडला, म्हणजे माल बनत असतानाच काही बिघडले का हे दाखवणारा तक्ता. 1950मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंगने तोच विचार जपानी कारखानदारांना शिकवला. म्हणणे एवढेच की शेवटी माल तपासून दोष निवडण्यात अर्थ नाही, दोष जिथे शिरतो ती पायरी धरा. कारखान्यात निदान शेवटी तपासून काहीतरी हाती लागते. साका मात्र आंबा कापल्याशिवाय दिसत नाही. पॅकिंगच्या टेबलावर कितीही डोळस बाई बसवा, तिला तो सापडणार नाही. तो आवरायचा तर झाडावरच: फळ जास्त जून होऊ न देणे आणि काढलेले फळ तापल्या जमिनीवर न ठेवणे. या दोन्ही गोष्टींना सवड आणि निवड लागते, आणि क्रेटमागे मजुरी नेमक्या त्याच काढून घेते.

सूचना कशी द्यावी याचे उत्तम उदाहरण तर आपल्याच मुलखातले आहे. 1670च्या दशकात शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या घोडदळाच्या छावणीला पाठवलेल्या पत्रात दाणा-वैरण पावसाळाभर पुरेल अशी रोज बेताने वापरा, एवढाच हुकूम नाही. आता उधळलेत तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि लोक रयतेला लुबाडायला लागतील, हेही सांगितले आहे. रात्री दिवा जळता ठेवला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथवर कारण दिले आहे. टेलरच्या सूचनापत्रात काम कसे करायचे ते असे. का, ते बहुधा नसे. आमच्या बागांतही गड्याला 'देठ ठेव' एवढेच सांगतात. त्यातले बरेच जण नेपाळहून आलेले. चिकाचा डाग पिकलेल्या फळावर कसा दिसतो हे त्यांनी पाहिलेलेही नसते. हंगामाच्या पहिल्या दिवशी डागी फळ आणि साका धरलेले कापलेले फळ त्यांच्या हातात द्यावे.

मजुरी रोजावरच असावी. वर काही द्यायचेच असेल तर ते दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्यावर, पूर्ण टोळीला मिळून, कमी निघालेल्या डागी मालावर द्यावे. दर मात्र हंगामाच्या मध्यावर उतरवू नये. त्यासाठी क्रेटला टोळीचा आकडा, काढणीची तारीख आणि सकाळ की संध्याकाळ एवढे लिहिलेली चिठ्ठी बांधावी आणि तेच पेटीवर उतरवावे. वाशीहून तक्रार आली की कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी काय बिघडले ते त्यावरून कळते. हे न लिहिता नुसते 'यंदा माल खराब निघाला' म्हणत बसलो, तर पुढच्या वर्षीही तेच म्हणावे लागेल.

आपले,
व्यवस्थापन विषयाचे दोन अध्यापक,
रत्नागिरी