दिवा मालवून गेलेली आई

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "कादंबरी कुठवर आली?" मी नुसतं "चाललंय" म्हणाले. खरं उत्तर लांबलचक होतं.

पहिला खर्डा पूर्ण झालाय. कुमारवयीन वाचकांच्या कादंबऱ्या बहुधा ५० ते ८० हजार शब्दांत बसतात, माझी ६० हजारांची झाली. लेखन शिकवणाऱ्या बाईंनी ती वाचून एवढंच विचारलं, "मुलगी १६ वर्षांची आहे, पण बोलतंय कोण?" आठवडाभर मला कळेना. मग ते वाक्य सापडलं. जिवलग मैत्रिणीशी मैत्री तुटल्यावर माझी नायिका म्हणते, "आज वाटतं, ते दुःख किती लहान होतं." हे माझं, ३८ वर्षांच्या बाईचं बोलणं. सोळाव्या वर्षी दुःखाच्या पलीकडे काही असतं हेच ठाऊक नसतं. या कादंबऱ्या इतक्यांदा 'मी'च्या तोंडून आणि वर्तमानकाळात का येतात, ते मला आता उमगलं. उद्या काय होणार, हे सांगणारीलाही माहीत नसतं. अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन यांनी 'द आउटसायडर्स' ही कुमारवयीनांची कादंबरी लिहायला घेतली ती १५व्या वर्षी. १९६७ साली ती छापून आली तेव्हा त्या १८ वर्षांच्या होत्या. मला मात्र तिथवर मागे चालत जायचंय.

दुसरी चूक बाबांच्या मायेपोटी झाली. शेवटी वडील शाळेत जाऊन बोलतात आणि सगळं मिटतं, असं मी लिहिलं होतं. पण पेच नायिकेनंच सोडवायला हवा, नाहीतर गोष्ट तिची राहत नाही. ते पान काढताना जिवावर आलं. आईवडिलांना गावाला पाठवून वाट मोकळी करता येते, पण मला ते नको. मला घरातच असणारे, जीव लावणारे आणि तरी नेमकं मुलीचं दुःखच न ओळखणारे आईवडील लिहायचेत.

म्हणून माझ्या जुन्या वह्या काढल्या. एका पानावर आहे: "आई दारात उभी राहिली. काही न विचारता दिवा मालवून गेली. तिला माझं काही पडलेलं नाही."

आई, हे वाचून डोळे भरून आले. पण कादंबरीत ते असंच ठेवणार आहे. मुलीचा गैरसमज मी दुरुस्त करायचा नाही. फक्त आईचा हात दाराच्या कडीवर क्षणभर जास्त रेंगाळेल. मुलीला ते दिसेल, पण अर्थ कळणार नाही. वाचणाऱ्याला कळेल.

तो हात मला नीट लिहायचाय. त्या रात्री तुझ्या मनात काय होतं गं? आठवत असेल तर लिही. कादंबरीत त्यातलं एक अक्षर येणार नाही. आणि तो प्रसंगच नको वाटला तर तसंही सांग, मी काढून टाकेन.

बाबा, तुमचं काढलेलं पान मी जपून ठेवलंय.

तुमची,
ताई