माझ्या नावावरची रेघ

2 जून 2019

प्रिय बाळ,

पर्रीकर गेले त्या रात्री तुझा फोन वाजत राहिला आणि मी घेतला नाही. रडणे ऐकायची आणि ऐकवायची ताकद नव्हती. त्यानंतर अडीच महिने गेले. राग धर, पण पत्र संपल्यावर धर. तब्येत ठीक, साखर जराशी वर, गोळ्या चालू.

23 मेला मला मत देऊ दिले नाही, रे. त्या दिवशी तू पहाटेपासून आकडे पाठवत होतास, लोकसभेला उत्तर गोव्यात श्रीपादभाऊ, दक्षिणेत सार्दिन, मग पणजीची पोटनिवडणूक. एका महिन्यात दोनदा मत दिलेला माणूस तू! तुला तेव्हा काय सांगणार होतो?

इथे ब्रिटनमध्ये त्याच दिवशी युरोपीय संसदेची निवडणूक होती. कामावर जायच्या आधी आम्ही दोघे शाळेतल्या केंद्रावर गेलो. हिचे नाव यादीत सापडले, हातभर लांबीची मतपत्रिका मिळाली. माझेही नाव होते, पण त्यावर पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ रेघ. टेबलावरची बाई अगदी सौम्यपणे म्हणाली, "तुम्ही तुमच्या देशात मत द्यायचे असते." मागे रांग होती. मी बाजूला झालो.

माझा देश कुठला, बाळ? पासपोर्ट पोर्तुगालचा, पण लिस्बन मी पाहिलेलेसुद्धा नाही. आजोबांचा जन्म तिथल्या दप्तरात चढला, मग बाबांचा, मग माझा, तेवढेच माझे पोर्तुगाल.

झाले ते असे. युरोपीय नागरिकाने दोन देशांत मत देऊ नये म्हणून 'मी फक्त इथेच देईन' असा एक वेगळा फॉर्म भरून द्यावा लागतो. मतदारयादीत नाव असणे पुरत नाही. 2 मेच्या स्थानिक निवडणुकीत त्याच नावावर मी मत दिले होते, म्हणून निर्धास्त राहिलो. फॉर्मची मुदत 7 मे. आणि ही निवडणूक नक्की होणार, हे सरकारने जाहीर केले तेही 7 मेलाच! ब्रिटन 29 मार्चला युरोपीय संघातून बाहेर पडायचा होता, तारीख पुढे ढकलत 31 ऑक्टोबरवर गेली, म्हणून ही निवडणूक घ्यावी लागली. माझा फॉर्म टपालाने आला 10 तारखेला. माझ्यासारखे रेघ ओढलेले या देशभर खूप निघाले. पोलिश, इटालियन, आपले गोंयकारही.

आणि हिचे? हिने भारतीय पासपोर्ट सोडला नाही. राष्ट्रकुलातली म्हणून हिला इथे सगळ्या निवडणुकांत मत. 2016 च्या जनमतालाही हिला मत होते, मला नव्हते. युरोपात राहायचे की नाही हे माझ्या भारतीय बायकोला विचारले, युरोपीय नागरिक असलेल्या मला नाही. परवा केंद्राबाहेर येऊन ती काही बोलली नाही, नुसता माझा हात धरला. तेवढ्यानेच जास्त लागले.

तुला मिरामारची ती संध्याकाळ आठवत असणार. 2010, पासपोर्ट परत करायच्या आदल्या दिवशी. तू म्हणालास, "कागद देतोस तो दे, पण मत देऊन टाकतोस ते कुठून परत आणशील?" मी तुला नको ते बोललो. पगाराचे, हप्त्यांचे ऐकवले. विमानतळावर तू मला 'पाखलो', म्हणजे गोरा पोर्तुगीज, म्हणालास आणि अजून म्हणतोस. म्हण बापडा. तुझे म्हणणे खरे होते, हे नऊ वर्षांनी लिहून देतो.

आपल्या घरांत मताची किंमत काय होती! गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही, या 1967 च्या जनमत कौलात माझे बाबा फुलाचे, म्हणजे विलीनीकरणाचे, तुझे दोन पानांचे, विरोधातले. विलीनीकरण हरले, तेव्हा दोघे वर्षभर एका देवळात वेगवेगळ्या दारांनी शिरले म्हणतात. पण दोघांनी मत दिले. बाबा हरल्याचे सांगत तेव्हासुद्धा ताठ बसून सांगत. मी कुठल्याच बाजूने हरलो नाही, मला हरू दिलेच नाही.

रविवारी रात्री निकाल लागले. ब्रिटनच्या 73 जागांतल्या 29 ब्रेक्झिट पक्षाला. इकडे मोजणी चालू असताना पोर्तुगालमध्येही मतदान संपले होते. तिथे कोश्ताचा पक्ष पहिला. मडगावच्या घराण्यातला, घरी ज्याला बाबुश म्हणतात तो माणूस तिथला पंतप्रधान, आणि मी त्याच देशाचा नागरिक इथे एका शाळेच्या दारातून परत फिरलेला. कामावरचे म्हणतात, चार-पाच महिन्यांच्या खासदारांसाठी एवढे काय घेऊन बसलास? त्यांच्याकडे मत आहे, म्हणून विचारतात.

तुझ्या धाकट्याची दहावी झाली ना? निकाल कळव. काकूंच्या गुडघ्याचे काय ठरले? वहिनींना नमस्कार.

चवथीला येतो आहे, तिकीट काढले. तो 10 तारखेचा फॉर्म मी भरून ठेवला आहे, नाव, पत्ता, सही सगळे. फेकवत नाही. बरोबर आणतो, तू एकदा बघ.

तुझाच,
पाखलो