तीस ओळींच्या फाइलबद्दल आभार

सांगली

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

गेल्या हंगामात मार्केट यार्डातील एका हळदीच्या अडत दुकानासाठी मी रुबी ऑन रेल्समध्ये (वेब-ॲप बांधण्याच्या तयार चौकटीत, म्हणजे फ्रेमवर्कमध्ये) लिहिलेल्या आवक नोंदीच्या प्रणालीत रोजच्या पोत्यांची बेरीज चुकू लागली, तेव्हा दोष फ्रेमवर्कचाच आहे अशी माझी पक्की समजूत होती. तशी तक्रारही मी रेल्सच्या मंडळींना पाठवायला लिहून ठेवली होती. ती वाचून तुम्ही एवढेच विचारलेत, "ही चूक माझ्या मशीनवर कशी दिसेल?" माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण त्यासाठी सगळी टेबले, लॉगिन आणि दुकानाचा खरा हिशेब तुमच्याकडे पाठवावा लागला असता.

त्या संध्याकाळी विश्रामबागेतील तुमच्या घरी तुम्ही एक कोरी फाइल उघडून दिलीत. वर बंडलर इनलाइनने, म्हणजे त्याच फाइलमधून, मागवलेल्या जेम (रुबीचे तयार कोड-संच), खाली मेमरीतच उभा राहणारा एसक्यूलाइट डेटाबेस, एक टेबल, त्या टेबलाशी बोलणारे एक मॉडेल आणि मिनिटेस्ट या चाचणीच्या साधनाने लिहिलेली एक चाचणी. रेल्सची मंडळी तक्रारीसोबत अशीच फाइल मागतात, हे मला तेव्हा कळले. एक ओळ काढायची, फाइल पुन्हा चालवायची, आणि चूक तशीच राहिली तर त्या ओळीवरचा संशय सोडायचा. या क्रमाने माझे निम्मे तर्क तासाभरात गळून पडले.

शेवटी उरली ती १५ मार्चच्या रात्री दीड वाजता आलेल्या ट्रकची एकच नोंद. चाचणीला तारीख १५ हवी होती, मिळाली १४. टाइमझोन 'मुंबई' असला तरी रेल्स डेटाबेसात वेळ यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत) साठवते, आणि मी दिवसवार गट पाडताना एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले, वेळेतून तारीख काढणारे डेट फंक्शन थेट त्या साठवलेल्या वेळेवर लावले होते. त्यामुळे मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची सगळी आवक आदल्या दिवशी जमा होत होती. चूक माझी होती. ती तक्रार पाठवली असती, तर फ्रेमवर्क सांभाळणाऱ्या, बहुतेक स्वतःच्या वेळात काम करणाऱ्या माणसांचा वेळ मी वाया घालवला असता, याची जाणीव मला आजही आहे.

तुम्हाला उत्तर कदाचित पहिल्याच मिनिटाला दिसले असेल, तरी ते न सांगता तुम्ही रात्री दहापर्यंत माझ्याशेजारी बसून राहिलात, याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे. दुरुस्तीनंतर अडत्यांनी आठवडाभराची बेरीज हमालांच्या वहीशी ताडून पाहिली. ती पोत्याला पोते जुळली.

आपला कृतज्ञ,
एक विद्यार्थी