मालवणच्या समुद्राला वर्षभर एकच दर लावू नका

मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

नाताळच्या आठवड्यात स्कुबाचे आणि बोटिंगचे दर भडकले की ‘सरकारने दर बांधून द्यावेत’ अशी ओरड होते. पर्यटकांचा राग खरा आहे. तरीही मी मालवणचा होडीमालक म्हणून विनंती करतो, वर्षभराचा एकच दर बांधू नका.

आमचा खर्च आधीच ठरलेला असतो. कर्जाचा हप्ता, विमा, परवाना, लाइफ जॅकेट, तांडेल-खलाशांचा पगार. होडीत दोघे बसले काय नि दहा बसले काय, डिझेल जवळपास तेवढंच जळतं. पावसाळ्यात होडी वर ओढून झापांनी शाकारून ठेवतो, पण हप्ता थांबत नाही. ऐन मोसमात बंदरावर वादळवाऱ्याच्या इशाऱ्याचा बावटा चढला, तर तो दिवसही गेला. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांवर वर्ष काढायचं. मग त्या दिवसांत दर चढतात आणि जानेवारीतल्या मंगळवारी होड्या रिकाम्या डोलत राहतात.

बर्फावरच्या स्की रिसॉर्टचं गणित हेच आहे. माणसांना डोंगरावर नेणारा पाळणा चालवायचा खर्च माणसं कमी आली म्हणून फारसा घटत नाही, आणि बर्फ पडेलच याची खात्री नसते. अमेरिकेतल्या ‘व्हेल रिसॉर्ट्स’ या कंपनीने 2008 साली ‘एपिक पास’ काढला. 579 डॉलरमध्ये अख्खा मोसम, अट एकच, पैसे बर्फ पडण्याआधी भरायचे. कंपनीच्या हाती पैसा आधीच आला आणि हवामानाचा धोका बराचसा गिऱ्हाइकावर गेला. पण ऐन वेळी खिडकीवर येणाऱ्याला त्यांनी पिळलं. त्यांच्या व्हेल इथल्या रिसॉर्टमध्ये गर्दीच्या दिवसाचं एका दिवसाचं तिकीट आता 300 डॉलरच्या वर आहे. एका दिवसासाठी येणाऱ्या साध्या कुटुंबाला ते परवडत नाही. हा भाग मात्र आपल्याकडे नको.

आगाऊ विक्री तेवढी घ्या. सोमवार ते गुरुवारचं तिकीट स्वस्त ठेवा आणि ते आधी विकायची सोय करा. किल्ल्याची फेरी, स्कुबा आणि खाडीतली सफर मिळून एक पास काढा. बावटा चढला तर पूर्ण पैसे परत, ही हमी त्यावर छापा. पासवाल्याकडून पैसे आधी घेऊन धोकाही त्याच्याच गळ्यात घालणं मला पटत नाही. परताव्यासाठी प्रत्येक तिकिटातून थोडी रक्कम वेगळ्या निधीत ठेवता येईल. गर्दीच्या दिवशी दर वाढू द्या, पण त्याची कमाल मर्यादा जेटीवरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असू दे. आज तारकर्लीच्या रस्त्यावर गाडी थांबवून ‘स्कुबा करूचा हा?’ विचारणारा एजंट पर्यटकाला एक दर सांगतो आणि आमच्या हातावर भलताच ठेवतो. मधल्या पैशाचा हिशेब कुणालाच नाही.

आणि ही विक्री बाहेरच्या कंपनीला ठेक्याने देऊ नका. होडीवाल्यांच्या सहकारी संस्थेकडे द्या, सागरी मंडळाने हिशेब तपासावा. पुढचा मोसम सुरू होण्याआधी आम्हा होडीवाल्यांची बैठक मालवणातच बोलवावी, एवढी विनंती.

आपला,
मालवणचा एक होडीमालक