बाबांच्या उजव्या हातासाठी, आमच्या फिजिओ ताईंना

ताई, नमस्कार.

समोर थँक्यू म्हटलं की तुम्ही "काकांनीच केलंय सगळं" म्हणता आणि बॅग उचलून पुढच्या पेशंटकडे कोपरीला पळता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

बाबांना स्ट्रोक झाला तो झोपेतच. पहाटे उठले तर उजवी बाजू लुळी, नक्की कधी झालं ते कोणालाच सांगता येईना, आणि मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण ४.५ तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे ते राहिलंच. पाय हळूहळू आला, वॉकर धरून घरातल्या घरात फिरायला लागले. हात मात्र नाही. आधी नुसता लोंबायचा, मग उलटंच झालं, आवळायला लागला, मनगट खाली वाकलेलं, अंगठा आत आणि चार बोटं त्याच्यावर घट्ट मिटलेली. नखं तळव्यात रुतायची, मूठ उघडून आतून पुसायची तर आई आणि मी दोघी लागायचो. आयुष्यभर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये फिटर असलेला माणूस, नट हातात घेतला की साइज सांगणारा, तो त्या हाताकडे बघायचाच नाही, टॉवेलखाली झाकून ठेवायचा.

तेव्हा आम्ही मिळेल त्याला विचारत होतो. एका ठिकाणी तर टेपिंगचं, म्हणजे हातावर ताणणाऱ्या चिकटपट्ट्या लावायचं, पॅकेजच सांगितलं, महिन्याभरात हात चालू, गॅरंटी. आई पैसे भरायला तयार होती. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी सरळ सांगितलंत की टेप मी लावणार, पण टेप हात चालवत नाही, स्ट्रोकच्या हातावर याचे अभ्यास झालेत, काहींत फायदा दिसलाय, काहींत फारसा नाही, व्यायामाला जोड म्हणून वापरू, नुसती लावून बसायचं असेल तर खर्च करू नका. ताई, खरं सांगते, त्या दिवसापासून आमचा तुमच्यावर विश्वास बसला. पेशंटच्या घरच्यांना आशेवर झुलवणं किती सोपं असतं आणि तुम्ही ते केलं नाहीत, यासाठी सगळ्यात मोठं थँक्यू.

टेप लावताना तुम्ही बाबांशी बोलत बोलत लावायचात ते मला फार आवडायचं. हे जपानच्या केंझो कासे यांनी १९७० च्या दशकात काढलं, २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकला खेळाडूंच्या खांद्यांवर रंगीत पट्ट्या दिसत होत्या ना त्या ह्याच, असं सांगितल्यावर बाबांनी पहिल्यांदा हात स्वतःहून पुढे केला. पट्टीचे कोपरे गोल कापायचे म्हणजे शर्टाच्या बाहीत अडकून निघत नाहीत, टोकाला दोन भोकं पाडून त्यातून मधली दोन बोटं घालायची, मनगट हलकेच वाकवायचं, आणि मग हाताच्या पाठीवरून कोपरापर्यंत अगदी थोडीशी ताणून चिकटवत न्यायची, शेवटचं टोक अजिबात न ताणता. वरून तळहाताने चोळायचं कारण त्याचा गोंद उबेने धरतो. बाबा कारागीर माणूस, ते सगळं निरखून बघायचे, आणि एकदा पट्टी तिरकी गेली तर डाव्या हाताने दाखवलंही, तुम्ही लगेच काढून परत लावलीत.

आणि आईला तुम्ही जे शिकवलंत ते तर कोणी सांगतच नाही. ह्या हाताला स्पर्श नीट कळत नाही, खाज सुटली, पुरळ आली तरी काका सांगणार नाहीत, तेव्हा रोज कडेची त्वचा तुम्ही बघायची. आधी छोटा तुकडा लावून बघितलात, मगच मोठी पट्टी. आंघोळ चालेल पण नंतर टिपून घ्यायचं, घासायचं नाही. तीन-चार दिवसांनी काढताना खोबरेल तेल लावून, कातडी दाबून धरून, केसांच्या दिशेने सावकाश. पावसाळ्यात घामाने कडा सुटायच्या तर आई कात्रीने तेवढीच कड कापायची, आता एकदम एक्स्पर्ट झालीय, शेजारच्या काकूंना पण समजावून सांगते.

टेप असली की मनगट जरा वर राहायचं आणि तेवढ्या वेळात तुम्ही काम काढून घ्यायचात. आम्हाला वाटायचं ग्लास पकडता आला की झालं, पण पकडण्यापेक्षा सोडणं अवघड असतं हे तुमच्याकडून कळलं, पेला हातात यायचा पण बोटं उघडायचीच नाहीत, बाबा घामाघूम व्हायचे. राजम्याचे दाणे उचलणं, कपड्यांचे चिमटे दाबणं सगळं झालं, बाबांना कंटाळा. मग तुम्ही विचारलंत, काकांची हत्यारांची जुनी पेटी आहे का घरात? माळ्यावरून पेटी काढली, त्यातला एक मोठा बोल्ट डाव्या हातात आणि नट उजव्या हाताच्या बोटांत दिलात. नट खाली पडायचा, पलंगाखाली जायचा, तुम्ही वाकून काढून आणायचात, परत. कितीदा ते मोजलं नाही. पण ज्या दिवशी नट दोन आटे फिरला आणि बाबांनी बोटं उघडून तो सोडला, तुम्ही आधी ओरडलात आणि मग आम्ही.

हात पूर्ण आला नाहीये. जेवण डाव्यानेच, बोटं सुटी सुटी हलत नाहीत, थंडीत जास्त आवळतो. पण मूठ उघडते, तळवा स्वच्छ राहतो, नखं आई आरामात कापते, शर्टाची बाही स्वतः ओढतात, पेपर दोन्ही हातांनी धरतात, तलावपाळीला गेलो की उजव्या हाताने कठडा धरून उभे राहतात. टॉवेल कधीच गेला.

टेप आता लागत नाही म्हणून तुमचं येणं कमी झालंय, ते बरोबरच आहे, तुम्हीच म्हणालात की आता घरचं घरी करा. व्यायाम रोज चालू आहेत, आई सोडत नाही. पण गणपतीला नौपाड्यात घरी यायचंच, फिजिओ म्हणून नाही, आमच्या घरच्या म्हणून. मोदक आई करेल, तुम्हाला ताट बाबा वाढतील असं त्यांनी स्वतः सांगितलंय.

तुमची,
काकांची मोठी मुलगी