शहाद्याच्या चौकात रानपिंगळा हवा

महोदय,
फ्रान्समधील दिजाँ शहरात नोत्र-दाम चर्चच्या भिंतीवर दगडात कोरलेले एक लहानसे घुबड आहे. येणारे-जाणारे त्याला डाव्या हाताने स्पर्श करून मनात इच्छा धरतात. शतकानुशतकांच्या स्पर्शाने त्याचे नाकडोळे पार झिजून गेले आहेत, आणि त्या गल्लीला नावही घुबडाचेच आहे. आपल्याकडे मात्र घुबड घराजवळ बोलले तरी अपशकुन!

आपल्या शहाद्याला तर जगाने दखल घ्यावी असा पक्षी लाभला आहे: रानपिंगळा, एक लहानसे घुबड. १८८४ नंतर रानपिंगळ्याचा एकही खात्रीचा नमुना मिळाला नव्हता. १९१४ची म्हणून सांगितलेली नोंद ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांनी चोरलेल्या जुन्या नमुन्यावर खोटी चिठ्ठी लावून रचली होती. ती लबाडी अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी उघडकीस आणली. पुढे २५ नोव्हेंबर १९९७ रोजी त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, हा पक्षी जिवंत दिसला. तब्बल ११३ वर्षांनी!

त्याचे शिल्प गावातल्या मुख्य चौकात उभारावे, अशी नगरपालिकेला कळकळीची विनंती आहे. फक्त ते रानपिंगळ्याचेच असावे. कानांवर शिंगांसारखी पिसे असलेले बाजारू घुबड नको. याचे डोके मोठे व गोल, त्यावर ठिपके जवळपास नाहीत, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. आणि हा दिवसाउजेडी शिकार करतो, हेही खाली मराठीत आणि भिलीत लिहावे. सागाची जुनी, ढोलीची झाडे तुटली तर हा राहणार कुठे, तेही लिहावे.

– एक पक्षीप्रेमी, शहादा